परसातला वसंत आणि उन्हाळ्याची बेगमी

पंचांगाने वसंत ऋतूला चैत्र आणि वैशाख असे दोन महिने नेमून दिले आहेत. परंतु नेवासे तालुक्यातील सोनईसारख्या गावी ज्या गृहस्थाच्या घरामागे दोन-चार वाफ्यांपुरती जागा आहे, मोरीच्या पाण्यावर तगलेली केळ आणि कुंपणाला एखादा शेवगा आहे, आणि रोजच्या भाजीसाठी आठवडे बाजारावर सर्वस्वी विसंबून राहण्याची ज्याची तयारी नाही, त्याचा वसंत माघाच्या मध्यावर सुरू होतो आणि फाल्गुनाबरोबर संपतो. चैत्र उजाडला की उन्हाचा अंमल बसतो, आणि मग नवे लावण्याचे दिवस सरून लावलेले राखण्याचेच काम तेवढे हाती उरते. संक्रांतीनंतरची थंडी ओसरू लागल्यापासून पाडव्याची गुढी उभी राहीपर्यंतचा हा जो जेमतेम दीड-दोन महिन्यांचा अवधी, त्यातील कामांची योजना कशी असावी आणि ती कोणत्या हिशेबावर बेतावी, एवढाच या लेखाचा विषय आहे.

वसंतातील बागकामाविषयी जगात जे लेखन प्रसृत आहे ते बहुतांशी शीत प्रदेशांतून आलेले असून, त्यातील सारी चिंता थंडीच्या लांबण्याची आहे. टोरंटोसारख्या शहरात मे महिन्याच्या पूर्वार्धापर्यंत रात्री दहिवर गोठण्याचे भय असते; म्हणून तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनासुद्धा मिरची-टोमॅटोचे बी मार्च-एप्रिलात खिडकीच्या आतल्या बाजूस रुजत घालावे लागते, रोपे वाढली की दिवसातून थोडा थोडा वेळ बाहेर ठेवून त्यांना वाऱ्याची सवय लावावी लागते, आणि २५ मेच्या आधी येणारी व्हिक्टोरिया राणीच्या नावाची सुटी उजाडली म्हणजे ती निर्धास्तपणे जमिनीत लावता येतात. तेथे हिवाळ्यातील सर्वांत लहान दिवस नऊ तासांहून किंचित कमी आणि उन्हाळ्यातील सर्वांत मोठा दिवस साडेपंधरा तासांच्या जवळपास असतो. सोनई १९ अंश अक्षांशाच्या थोडी उत्तरेस असल्यामुळे येथे हेच अंतर अकरा आणि सव्वातेरा तासांचे आहे. प्रकाशाची वाण येथे कधीच पडत नाही. तिकडचा माळी सूर्याची वाट पाहतो. आपल्याला सूर्याच्या पुढे निघावे लागते. त्यामुळे शीत प्रदेशातील सल्ला जसाच्या तसा उचलून येथे लागू करणे व्यर्थ होय, तथापि त्यातील दोन गोष्टी, एक जमिनीची परीक्षा आणि दुसरी रोपे आधी आडोशाला वाढवण्याची रीत, आपल्यालाही उत्तम उपयोगी पडतात.

सोनईचा मुलूख पर्जन्यछायेतला. वर्षाकाठी पाचशे-सहाशे मिलिमीटरांच्या आसपास पडणारा पाऊस, तोही बेभरवशाचा, आणि त्याखाली कापसाच्या काळ्या जमिनीचे सपाट पट्टे, असे या भागाचे मूळ स्वरूप होते. राहुरी तालुक्यात बारागाव नांदूर येथे मुळा नदीवर धरण झाले, त्याच्या जलाशयाला ज्ञानेश्वरसागर हे नाव मिळाले, उजव्या कालव्याचे पाणी नेवासे तालुक्यात खेळू लागले, आणि जिरायतीचे बागायतीत रूपांतर होऊन उसाबरोबर सोनईस मुळा सहकारी साखर कारखानाही उभा राहिला. पाणी दुरून आणून बाग फुलवण्याची ही विद्या मात्र या जिल्ह्याला जुनीच आहे. निजामशाहीच्या काळात नगर शहरापर्यंत दूरवरून नळांनी पाणी आणलेले होते, आणि १५८३ साली पुरा झालेला फराहबागेचा महाल तर तलावाच्या मधोमध उभारलेला आहे. शाही बागेला जे सत्य लागू होते तेच परसातल्या चार वाफ्यांना लागू पडते: या प्रदेशात बाग किती मोठी असावी हे जमीन ठरवीत नाही, पाणी ठरवते.

कामाचा आरंभ मातीपासून करावा. पावसाळ्यापासून दाबली गेलेली काळी माती माघात वरून कोरडी दिसली तरी आत चिकट असू शकते, आणि अशा ओल्या मातीत कुदळ घातली की तिची ढेकळे वाळून विटेसारखी कठीण होतात व हंगामभर फुटत नाहीत. म्हणून शेतकरी ज्या अवस्थेस वाफसा म्हणतो तिची वाट पाहावी. वीतभर खोलीवरची मूठभर माती घेऊन दाबावी. तिचा गोळा झाला आणि बोटाच्या टिचकीने तो भुगा होऊन पडला तर वाफसा आला असे समजावे, गोळा चिकटून राहिला तर आणखी दोन-तीन दिवस थांबावे, आणि गोळाच न होता माती सांडली तर हलके पाणी देऊन वाफशावर येऊ द्यावी. हिम वितळल्यावर चिखलात पाय घालू नये म्हणून शीत देशांतील माळी हीच परीक्षा करतात. वाफसा आल्यावर वीतभर खोल खणून, चांगले कुजलेले शेणखत चौरस मीटरमागे दोन-अडीच किलो या मानाने मिसळावे. कच्चे शेण घालण्याचा मोह आवरावा. ते मातीत कुजताना उष्णता निर्माण होते, हुमणी आणि वाळवी यांना आमंत्रण मिळते, आणि कोवळ्या मुळांना इजा पोहोचते.

कालव्याखालच्या जमिनींना एक दुखणे जडलेले असते, आणि परसबागही त्याला अपवाद नाही. पाण्याचा निचरा नीट न झाल्यास खालचे क्षार केशाकर्षणाने वर चढतात आणि माघ-फाल्गुनात जमीन वाळू लागली की वाफ्याच्या कडांवर पांढरी साय धरते. आणखी पुढची अवस्था म्हणजे चोपण जमीन, जी पाऊस पडताच चिकट आणि वाळताच दगडासारखी होते. अशा ठिकाणी थोडे थोडे पाणी रोज शिंपडण्याने क्षार वरच्या वर साठत जातात. त्यापेक्षा बेताच्या अंतराने, पण मुळांच्या खालपर्यंत उतरेल इतके पाणी द्यावे आणि वाफ्याच्या उताराकडील बाजूस एक लहानसा चर काढून ठेवावा. माती तपासून ती चोपण ठरल्यास जिप्समची मात्रा तज्ज्ञांच्या सल्ल्याने घालता येते. १९६८ साली स्थापन झालेले राहुरीचे कृषी विद्यापीठ, आजचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ, शेजारच्याच तालुक्यात असल्यामुळे सोनईकरांना माती-पाण्याच्या परीक्षेसाठी दूर जावे लागत नाही. मोरीचे सांडपाणी वापरताना याच कारणास्तव तारतम्य ठेवावे. साबणातील सोडियम चोपणपणा वाढवतो, म्हणून भांडी-कपड्यांचे पाणी केळ, अळू, कर्दळ यांच्याकडे वळवावे, भाजीच्या वाफ्यांना ते देऊ नये.

आता पेरणीचा क्रम. येथे तारखेपेक्षा जमिनीच्या उष्णतेचा दाखला अधिक विश्वसनीय होय. भेंडी, गवार, काकडी, दुधी, दोडका, कारले यांचे बी १५ अंश सेल्सिअसच्या खालच्या थंड मातीत रुजण्याऐवजी कुजण्याचा संभव अधिक, आणि तेच २५ ते ३० अंशांच्या उबेत आठवड्याभरात वर येते. संक्रांतीच्या सुमारास या भागातील रात्री पुष्कळदा १० अंशांच्या आसपास उतरतात, आणि उत्तरेकडून थंडीची लाट आली तर त्याहूनही खाली जातात. त्या वेळी घाईने टाकलेले बी बहुधा वाया जाते. सकाळी आठच्या सुमारास दोन बोटे खोल मातीत साधा तापमापक खोचून तीन-चार दिवस नोंद घ्यावी, आणि आकडा सोळा-सतरा अंशांवर स्थिरावला की भेंडी-गवारीचे बी टोकावे. बहुतेक वर्षी हा मुहूर्त फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात येतो.

परंतु वेलभाज्यांच्या बाबतीत एवढीही वाट न पाहता पंधरा दिवस वाचवता येतात, आणि शीत प्रदेशातील दुसरी युक्ती उपयोगी पडते ती येथे. जानेवारीच्या अखेरीस दुधी, दोडका, कारले, काकडी यांचे बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवावे. कारल्याच्या बियांचे कवच जाड असल्यामुळे त्यांना ही भिजवण अत्यावश्यकच आहे. कोंब डोकावताच एकेक बी माती आणि शेणखत भरलेल्या कागदी पेल्यात किंवा प्लॅस्टिकच्या लहान पिशवीत लावून, ती पेले-पिशव्यांची रांग दक्षिणेकडे तोंड असलेल्या पडवीत ठेवावी. या वेलांची मुळे हाताळणे सोसत नाहीत, म्हणून दोन-तीन खरी पाने येताच, साधारण पंधरा ते वीस दिवसांत, मातीचा गड्डा न फोडता रोप आळ्यात बसवावे. मार्च संपण्यापूर्वी वेल मांडवावर पोहोचला आणि त्याने आपल्याच बुंध्यावर सावली धरली, तर तो वैशाख सोसतो. चैत्रात उगवलेला वेल मात्र मुळे खोल जाण्यापूर्वीच उन्हात सापडतो.

वाण निवडताना आपल्याच हवामानात पारखलेल्यांना अग्रमान द्यावा. राहुरी विद्यापीठाने काकडीचे हिमांगी आणि फुले शुभांगी, दुधीचा सम्राट, दोडक्याचा फुले सुचेता हे वाण दिले आहेत. भेंडीत परभणीच्या कृषी विद्यापीठाचा परभणी क्रांती आणि बंगळूरच्या संस्थेचा अर्का अनामिका हे वाण, पाने पिवळी पाडणाऱ्या केवडा रोगाला प्रतिकारक म्हणून निघाले. पांढऱ्या माशीमार्फत पसरणारा हा रोग उन्हाळी भेंडीचा मोठा शत्रू आहे. पालेभाज्यांत मात्र हिवाळी आणि उन्हाळी असा भेद कटाक्षाने पाळावा. मेथी, पालक यांची शेवटची पेर फेब्रुवारीतच उरकावी; ऊन वाढले की मेथी कडवट होते आणि पालकाला तुरा येतो. त्यांच्या जागी माठ, राजगिरा आणि चवळई यावी, कारण या कुळातील वनस्पतींची अन्ननिर्मितीची पद्धतीच तीव्र उन्हाला अनुकूल असते. कोथिंबीर हवीच असेल तर धणे पायताणाखाली हलके रगडून त्यांच्या दोन डाळी सुट्या कराव्यात, बारा तास भिजवाव्यात आणि मांडवाच्या सावलीत पेराव्यात. टोमॅटोच्या बाबतीत आशा बेताचीच ठेवावी. दिवसाचे तापमान ३५ अंशांपलीकडे आणि रात्रीही उबदार राहू लागल्या की त्याची फुले फळ न धरताच गळतात, आणि यात माळ्याचा दोष नसतो.

वेलांना फुले येऊ लागली की घरोघर एक तक्रार ऐकू येते: नुसती वांझ फुले येतात, फळ धरत नाही. या वेलांवर नर आणि मादी फुले वेगवेगळी असतात. आधी नर फुलांची फेर येते आणि काही दिवसांनी, मागे इवलेसे फळ घेऊन, मादी फुले येतात. उष्णता वाढत गेली तर नर फुलांचे प्रमाणही वाढते, आणि वेळेवर पेरणी करण्याचे हेही एक कारण आहे. परागीभवन मधमाश्या व अन्य कीटक करतात. त्यांचा वावर कमी असेल तर हे काम हाताने करता येते, परंतु त्यासाठी फुलण्याची वेळ ठाऊक हवी. काकडी, कारले आणि तांबडा भोपळा यांची फुले सकाळी उमलतात. दोडका आणि दुधी यांची संध्याकाळी. जो गृहस्थ सकाळी उठून दोडक्याच्या मिटलेल्या फुलांवर नर फूल फिरवील त्याचे श्रम फुकट जातील.

येथपर्यंतचे सर्व काम उत्साहाचे आहे. पाण्याचा हिशेब तेवढा संयमाचा आहे, आणि माझ्या मते संपूर्ण विषयाचा कणा तोच आहे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी पसरले की त्याचे एक लिटर होते. या भागात फेब्रुवारीत उघड्या पात्रातून दिवसाला सुमारे पाच मिलिमीटर पाणी उडते, मे महिन्यात दहा किंवा त्याहून अधिक. भरात आलेल्या भाजीची गरज त्याच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास धरली, तर दहा चौरस मीटरांच्या म्हणजे गुंठ्याच्या दहाव्या हिश्श्याच्या बागेला फेब्रुवारीत रोज पस्तीस लिटर आणि मे महिन्यात सत्तर लिटर पाणी लागते. पंधरा लिटरची बादली धरली तर हे प्रमाण सव्वादोन बादल्यांवरून पावणेपाचांवर जाते. ज्या महिन्यात बागेची मागणी दुप्पट होते, नेमक्या त्याच महिन्यात विहिरीची पातळी उतरते, कालव्याचे उन्हाळी आवर्तन धरणातील साठ्याच्या मर्जीवर राहते, आणि नळाला पाणी एक दिवसाआड किंवा त्याहून उशिरा येणे ही अवर्षणप्रवण भागात अपरिचित गोष्ट नाही. फेब्रुवारीतल्या पाण्यावर बेतलेली बाग म्हणून मे महिन्यात अर्धी मरते. आणि अर्धी मरताना, तिला जगवण्यासाठी आधी पुष्कळ पाणी पिऊन मरते.

ही मागणी कमी करण्याचे साधन मात्र सोनईच्या शिवारात याच दिवसांत विपुल असते. माघ-फाल्गुनात कारखान्याचा गाळप हंगाम चालू असतो, उसाची तोड चाललेली असते, वाढी जनावरांकडे जातात आणि पाचट फडात पडून राहते किंवा पेटवून दिले जाते. असे दोन-चार भारे पाचट आणून वाफ्यांवर चार बोटे जाडीचा थर द्यावा. मातीवर थेट ऊन न पडल्यामुळे बाष्पीभवन घटते, तण दबते आणि क्षार वर चढण्याचा वेगही मंदावतो. दोन पथ्ये पाळावीत. पाचट मातीत मिसळू नये, कारण ते कुजवणारे सूक्ष्मजीव मातीतला नत्र स्वतःसाठी ओढून घेतात आणि पीक पिवळे पडते; आणि बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी सोडावी, म्हणजे वाळवी खोडापर्यंत पोहोचत नाही. मोठ्या वेलांच्या आळ्यात बिनझिलईचे मडके गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवले, तर ते पाझरत राहते आणि पाणी मुळांपाशीच खर्च होते. पश्चिमेकडून येणारे तिसऱ्या प्रहराचे ऊन सर्वांत तापदायक असल्यामुळे त्या बाजूस, पानमळेवाले लावतात तशी, शेवरीची दाट रांग फेब्रुवारीतच पेरावी. ती वाढेपर्यंत जुन्या साडीचा पडदाही काम भागवतो.

किडींचा बंदोबस्त वेळेवर केला तर तो सोपा असतो. वेलांची पहिली दोन पाने वर येताच तांबडे भुंगेरे त्यांची चाळण करतात. पहाटेच्या दवावर चुलीतील राख भुरभुरावी आणि सकाळी सुस्त असलेले भुंगेरे हाताने वेचावेत. मावा आणि पांढरी माशी यांवर पाच टक्के लिंबोळी अर्क संध्याकाळी फवारावा. पुढे कारली-दोडक्यांत फळमाशी शिरली तर वाकडी झालेली, डंख बसलेली फळे उकिरड्यावर न टाकता खोल पुरावीत. नाहीतर आतल्या अळ्यांतून पुढची पिढी आपणच तयार करून दिल्यासारखे होते. फाल्गुनातल्या अवकाळीचा मात्र कोणताच बंदोबस्त पुरा पडत नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर झालेल्या गारपिटीची आठवण अजून ताजी आहे. तेव्हा सारे बी एकाच दिवशी न पेरता आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन पाळ्यांत पेरावे आणि पाच-सहा रोपे पिशव्यांत राखीव ठेवावीत, एवढी सावधगिरी आपल्या हाती आहे.

परसात कागदी लिंबाचे झाड असेल तर त्याचा आंबे बहार याच काळात येतो. डिसेंबरमध्ये पाणी तोडून झाडाला ताण दिलेला असला आणि जानेवारीत आळे खणून, खत घालून, क्रमाक्रमाने पाणी वाढवले, तर नवी पालवी आणि फुले एकत्रच फुटतात. येथे चूक होते ती ताण अचानक तोडण्यात; पहिल्याच दिवशी आळे तुडुंब भरले तर फुलगळ होते.

शेवटी बियाण्याविषयी. संकरित बियाण्याच्या फळातून काढलेले बी मूळ गुण राखत नाही, परंतु गावरान दुधी, घेवडा, चवळी, माठ यांचे बी घरचे घरी ठेवता येते आणि ते वर्षागणिक आपल्या मातीला अधिकाधिक सरावत जाते. याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथे, राहीबाई पोपेरे यांनी परसबागेतूनच देशी वाणांची बीजबँक उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेबाहेर, एका शेतकरी बाईच्या घरात, केवढे बीजधन साठू शकते याचे ते प्रत्यक्ष प्रमाण आहे. मांडवावरचे निरोगी, मध्यभागी धरलेले एक फळ बियाण्यासाठी राखून ठेवावे, ते वेलावरच वाळू द्यावे, आणि काढलेले बी राख लावून कोरड्या डब्यात ठेवावे.

तेव्हा ज्याला या वर्षी परसबाग करावयाची आहे त्याने कुदळ हाती घेण्यापूर्वी वही घ्यावी, आणि मे महिन्यात स्वयंपाक, आंघोळ, जनावरे यांचे भागून आपल्याजवळ रोज किती बादल्या पाणी शिल्लक राहील ते प्रांजळपणे लिहावे. दोन बादल्याच उरणार असतील तर चार चौरस मीटरांवर समाधान मानावे: मांडवावर एक दोडका, एक कारले, खाली सावलीत कोथिंबीर, कडेला भेंडीची एक ओळ आणि माठाचा एक वाफा. एवढी बाग लहान कुटुंबाला आठवड्यातून दोन-तीन वेळा ताजी भाजी देते आणि मृगाच्या पावसापर्यंत टिकते. फाल्गुनात याहून दुप्पट जागा खणण्याची हौस ज्याला आवरत नाही, त्याने उरलेल्या जागेत ताग पेरावा, फुलावर येण्याआधी तो मातीत गाडावा, आणि ती जमीन पावसाळ्यासाठी राखून ठेवावी.